विश्लेषण : ढाक्यात डॉलर आटला, तेव्हा वरुडच्या संत्र्याचे काय झाले?

नागपुरी संत्र्याचा भाव कुठे ठरतो? कळमन्याच्या बाजारात, काटोल-नरखेडच्या बागांत, वरुड-मोर्शीच्या मंडीत, अशी उत्तरे मिळतील आणि ती बरोबरच आहेत. पण २०२२ पासून या भावात आणखी एका ठिकाणाचा हात आहे. ते म्हणजे ढाक्यातील मोतीझील हा भाग. तिथे बांगलादेश बँकेचे, म्हणजे त्या देशाच्या रिझर्व्ह बँकेचे, मुख्यालय आहे. टाका या चलनाचा विनिमय दर, देशातील व्याजदर आणि डॉलरचा साठा यांबाबत तिथे जे निर्णय झाले, त्यांची पावती विदर्भातील संत्रा बागायतदारांच्या नावाने फाटली.

डिसेंबर २०२५ मध्ये एका डॉलरसाठी ९० रुपये मोजावे लागू लागले, तेव्हा ‘रिझर्व्ह बँक रुपयाला सावरत का नाही’ हा प्रश्न भारतातही विचारला गेला. त्याचे उत्तर शोधताना बांगलादेशचा अनुभव उपयोगी पडतो. चलनाचा दर हट्टाने धरून ठेवला की काय होते, हे तिथे अगदी जवळून पाहायला मिळाले.

बांगलादेशच का?

नागपुरी संत्र्याचे साल सैल असते आणि ते नाजूक असते. महिनाभर बोटीतून प्रवास करून युरोपात पोहोचेल असे हे फळ नाही; शिवाय त्यात बिया असतात, त्या तिकडच्या ग्राहकाला नको असतात. बांगलादेश मात्र ट्रकच्या अंतरावर आहे. विदर्भातून निघालेला माल पश्चिम बंगालमधील पेट्रापोल सीमेवरून पलीकडे बेनापोलला उतरतो. आंबट-गोड संत्र्याला तिथे मागणी आहे आणि लहान आकाराचे फळही खपते. त्यामुळे निर्यातीचा सर्वात मोठा भाग वर्षानुवर्षे बांगलादेशलाच जात आला. एकाच ग्राहकावर इतके अवलंबून राहणे धोक्याचे आहे हे सगळ्यांना माहीत होते, पण दुसरा ग्राहक तितक्या जवळ नव्हता.

त्या देशाने संत्र्यावरचे आयातशुल्क टप्प्याटप्प्याने चढवत नेले. २०१९ मध्ये किलोमागे साधारण २० रुपये असलेले शुल्क २०२३ मध्ये ८८ रुपयांवर गेले आणि २०२४ मध्ये शंभरीपार. बागेत फळाला जो भाव मिळतो त्यापेक्षा शुल्क जास्त, अशी ही स्थिती. सीमेपलीकडे जाणारा माल देशातल्याच बाजारात येऊ लागला आणि आंबिया बहाराचे भाव पडले. महाराष्ट्र सरकारला निम्मा भार, म्हणजे किलोमागे ४४ रुपये, अनुदान म्हणून उचलण्याची घोषणा करावी लागली.

शुल्क चढायला सुरुवात डॉलरटंचाईच्या आधीच झाली होती. त्यामुळे सगळा दोष चलनावर टाकता येणार नाही. पण २०२२ नंतर जे घडले त्याची मुळे थेट चलनधोरणात आहेत.

डॉलर कसा आटला?

ऑगस्ट २०२१ मध्ये बांगलादेशकडे ४८ अब्ज डॉलरची परकीय गंगाजळी होती. कपड्यांची निर्यात जोरात होती, आखातात काम करणारे लोक घरी पैसे पाठवत होते. मग करोनानंतर आयात उसळली, फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि तेल, गॅस, गहू, खते असे सारे काही महागले. २०२१-२२ मध्ये त्या देशाच्या चालू खात्यातील तूट १८ अब्ज डॉलरच्या पुढे गेली. देशात येणाऱ्या डॉलरपेक्षा बाहेर जाणारे डॉलर इतके जास्त होते.

अशा वेळी तीन वाटा असतात. एक, चलन घसरू द्यायचे. आयात महाग होते, लोक ती आपोआप कमी करतात. दोन, व्याजदर वाढवायचे; कर्ज महागते, मागणी मंदावते आणि स्थानिक चलनात पैसा ठेवणे फायद्याचे ठरते. तीन, गंगाजळीतले डॉलर विकून दर धरून ठेवायचा. बहुतेक देश तिन्हींचे थोडेथोडे मिश्रण करतात.

बांगलादेशने पहिल्या दोन वाटा जवळजवळ बंद करून टाकल्या. टाका ८६च्या आसपास धरून ठेवण्याचा प्रयत्न झाला, नंतर तो सोडला तेही नाइलाजाने, पायरीपायरीने. आणि व्याजदराचे काय? एप्रिल २०२० पासून बँकांना ९ टक्क्यांहून जास्त व्याजाने कर्ज देण्यास मनाई होती. उद्योगांना स्वस्त कर्ज मिळावे हा त्यामागचा हेतू. ही मर्यादा जुलै २०२३ पर्यंत टिकली. २०२२-२३ मध्ये महागाईच ९ टक्क्यांवर होती, म्हणजे महागाई वजा केली तर कर्ज जवळपास फुकट. फुकटच्या कर्जातून आयात वाढते आणि पैसेवाल्यांना टाक्यापेक्षा डॉलर जवळ बाळगणे बरे वाटते. उरली तिसरी वाट. गंगाजळीतले डॉलर विकत राहायचे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या मोजमापानुसार २०२४ पर्यंत हा साठा २० अब्ज डॉलरच्या घरात आला.

दर कागदावर धरला की खुल्या बाजारात दुसरा दर तयार होतो. ऑगस्ट २०२२ मध्ये बँकांत डॉलर ९५ टाक्यांना होता, तर ढाक्याच्या रस्त्यावरच्या बाजारात १२० टाक्यांच्या आसपास. दुबईत राबणारा माणूस मग बँकेतून पैसे का पाठवेल? तो हुंडीवाल्याकडे जाईल. त्यामुळे बँकांकडे येणारे डॉलर आणखी घटले. तो वाढवण्यासाठी पैसे पाठवणाऱ्यांना एक दर, निर्यातदारांना दुसरा, अशी दुहेरी दरांची व्यवस्था आली आणि गोंधळ वाढला.

अर्थशास्त्रात याला ‘अशक्य त्रयी’ म्हणतात. रॉबर्ट मुंडेल आणि मार्कस फ्लेमिंग यांनी १९६०च्या दशकात ती मांडली. चलनाचा स्थिर दर, स्वतःच्या मर्जीने ठरवलेला व्याजदर आणि भांडवलाची मोकळी ये-जा या तीन गोष्टी एकाच वेळी मिळत नाहीत. दोन निवडता येतात, तिसरी सोडावी लागते. बांगलादेशला स्थिर टाका आणि स्वस्त कर्ज दोन्ही हवे होते. मग पैशाच्या आणि मालाच्या ये-जेवर लगाम घालणे ओघाने आले.

तो लगाम फळांवर पडला. मे २०२२ मध्ये बांगलादेशच्या महसूल मंडळाने फळे-फुलांसह १३५ वस्तूंवर नियामक शुल्क वाढवले. जुलैमध्ये बांगलादेश बँकेने चैनीच्या आणि अनावश्यक ठरवलेल्या वस्तूंच्या आयातीसाठी पतपत्र, म्हणजे व्यापाऱ्यांच्या भाषेत एलसी, उघडताना पूर्ण रक्कम आधी रोख भरण्याची अट घातली. या यादीत मोटारी आणि सोन्याबरोबर फळेही होती. तेल, खते आणि औषधे थांबवता येत नाहीत. संत्र्यावाचून कुणाचे अडत नाही. ढाक्याच्या दृष्टीने हा हिशेब चुकीचा नव्हता. वरुडच्या बागायतदाराचे मात्र संत्र्यावाचूनच अडते.

शंभर रुपयांचे संत्रे किती टाक्यांना?

रुपया आणि टाका यांचा थेट बाजार नगण्य आहे. व्यवहार डॉलरमध्ये होतो, म्हणून दोन्ही चलनांचे डॉलरशी असलेले दर पाहावे लागतात. २०२२ च्या सुरुवातीला डॉलर साधारण साडेचौऱ्याहत्तर रुपयांना आणि ८६ टाक्यांना होता. म्हणजे १०० रुपयांचे संत्रे ढाक्यातील आयातदाराला ११५ टाक्यांना पडत असे. मे २०२४ मध्ये नाणेनिधीच्या कर्जाच्या अटींमुळे बांगलादेशने एका दिवसात डॉलरचा दर ११० वरून ११७ टाक्यांवर नेला. तेव्हा डॉलर साडेत्र्याऐंशी रुपयांना होता. तेच संत्रे १४० टाक्यांना पडू लागले.

या सव्वादोन वर्षांत नागपूरच्या व्यापाऱ्याने एक रुपयाही भाव वाढवला नसता, तरी फळ पलीकडे २१ टक्क्यांहून अधिक महागले असते. शुल्क आणि आगाऊ रोख रकमेची अट त्याच्या वर. रुपयाही याच काळात घसरत होता, पण टाका त्याहून वेगाने घसरला, म्हणून भारतीय निर्यातदाराला रुपयाच्या घसरणीचा काही उपयोग झाला नाही. निर्यातीसाठी रुपया डॉलरपुढे किती पडला एवढेच पाहून चालत नाही. ग्राहकाचे चलन किती पडले आणि स्पर्धकाचे किती, हेही पाहावे लागते. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत हे सहसा येत नाही.

डॉलर टाळून थेट रुपयांत व्यापार करण्याची सोय जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. पण २०२२-२३ मध्ये भारताने बांगलादेशला सुमारे १२ अब्ज डॉलरचा माल विकला आणि तिथून घेतला सुमारे दोन अब्जांचा. रुपये मिळवण्याचा मार्गच इतका अरुंद असेल, तर रुपयांत पैसे देणार कुठून?

भारतानेही हेच केले होते

बांगलादेशला नावे ठेवण्याआधी १९९१ आठवावे. तेव्हा भारताची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती. रिझर्व्ह बँकेने आयातदारांवर घातलेली रोख रकमेची अट त्या वर्षी २०० टक्क्यांपर्यंत गेली, म्हणजे शंभर रुपयांच्या मालासाठी दोनशे रुपये आधी बँकेत ठेवायचे. आयात आटली, कारखान्यांना सुटे भाग मिळेनात. जुलैमध्ये ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवले गेले. त्याच महिन्यात, १ आणि ३ जुलैला, दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलर २१ रुपयांवरून सुमारे २६ रुपयांवर गेला. तेव्हाचे पंतप्रधान नरसिंह राव त्याआधी सात वर्षे रामटेकचे खासदार होते, हे नागपूरकरांना आठवत असेल.

सोन्याच्या या गोष्टीला नागपूरचा आणखी एक धागा आहे. देशात ठेवलेला रिझर्व्ह बँकेचा सोन्याचा साठा मुंबई आणि नागपूर येथील तिजोऱ्यांत असतो. सप्टेंबर २०२४ अखेर बँकेकडील ८५४ टन सोन्यापैकी सुमारे ५१० टन भारतात होते. त्यातील बराचसा भाग अलीकडे इंग्लंडमधून परत आणलेला. संविधान चौकातून, जुन्या लोकांच्या आरबीआय चौकातून, रोज जाणाऱ्यांना शेजारच्या इमारतीचे हे महत्त्व क्वचितच जाणवते.

२०२२ मध्ये भारताचे वेगळे काय झाले?

युक्रेन युद्धाचा धक्का भारतालाही तितकाच बसला. कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात होते. त्यातच अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात व्याजदर जवळजवळ शून्यावरून सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांच्या पट्ट्यात नेला. अमेरिकेत सुरक्षित रोख्यांवर पाच टक्के मिळत असतील, तर गुंतवणूकदार भारतात जोखीम का घेतील? डॉलर परत जाऊ लागले.

रिझर्व्ह बँकेने तिन्ही वाटांचा वापर केला. रुपया ७४-७५ वरून ऑक्टोबर २०२२ पर्यंत ८३ वर जाऊ दिला. रेपो दर, म्हणजे बँकांना ती ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ दरम्यान ४ वरून साडेसहा टक्के केला. आणि घसरण एकदम होऊ नये म्हणून डॉलर विकले. गंगाजळी ६४२ अब्ज डॉलरच्या उच्चांकावरून ५२५ अब्जांच्या आसपास आली. त्यातला मोठा भाग प्रत्यक्ष विक्रीचा नव्हता, तर साठ्यातील युरो, पौंड वगैरेंची डॉलरमधील किंमत घटल्याचा होता. गृहकर्जाचे हप्ते वाढले, पेट्रोल महाग राहिले, पण आयात बंद करण्याची वेळ आली नाही. दुखणे थोडेथोडे सगळ्यांच्या वाट्याला आले.

मग रुपया नव्वदीपार जाताना व्याजदर का घटवला?

३ डिसेंबर २०२५ रोजी डॉलरने ९० रुपयांची पातळी ओलांडली. दोनच दिवसांनी पतधोरण समितीने रेपो दर पाव टक्क्याने कमी करून सव्वापाच टक्के केला. वरवर पाहता हे उलटे वाटते. चलन घसरत असताना व्याजदर वाढवतात, असे पाठ्यपुस्तक सांगते.

पण व्याजदराचे कायद्याने ठरलेले लक्ष्य महागाई आहे, विनिमय दर नाही. किरकोळ महागाई चार टक्क्यांच्या आसपास, दोन ते सहाच्या पट्ट्यात ठेवायची, हे बंधन रिझर्व्ह बँकेवर आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती ०.२५ टक्के, म्हणजे जवळजवळ शून्यावर होती. रुपया घसरल्याने आयात महागते आणि महागाई वाढते हे खरे. पण महागाईच नसेल तर त्या भीतीने कर्ज महाग ठेवण्यात अर्थ नव्हता. त्यातच अमेरिकेने ऑगस्टपासून भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावले होते. अशा वेळी रुपया थोडा उतरला तर निर्यातदाराला थोडा आधारच मिळतो. गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनीही कुठलीही विशिष्ट पातळी राखणे हे बँकेचे उद्दिष्ट नसल्याचे सांगितले आहे.

त्याच दिवशीच्या आणखी दोन घोषणांकडे कमी लक्ष गेले. बँकेने एक लाख कोटी रुपयांचे सरकारी रोखे विकत घेण्याचे आणि पाच अब्ज डॉलरचा तीन वर्षांचा अदलाबदलीचा व्यवहार करण्याचे ठरवले. याची गरज का पडते? रुपयाला टेकू देण्यासाठी रिझर्व्ह बँक डॉलर विकते, तेव्हा बदल्यात रुपये घेते. ते रुपये बँकिंग व्यवस्थेतून बाहेर जातात. बँकांकडे पैसा कमी झाला की बाजारातले व्याज वाढते, आणि एका हाताने केलेली व्याजकपात दुसऱ्या हाताने पुसली जाते. म्हणून आटलेले रुपये पुन्हा व्यवस्थेत सोडावे लागतात. विनिमय दर आणि पतधोरण यांची गाठ नेमकी इथे आहे. एकाला हात लावला की दुसरे हलते.

रुपया घसरला तर कापूस उत्पादकाचा फायदा नाही का?

व्हायला हवा. कापसाचा जागतिक भाव डॉलरमध्ये असतो. रुपया घसरला की आयात होणारी रुई महाग पडते आणि विदर्भातल्या कापसाला त्या प्रमाणात चढा भाव मिळण्याची जागा तयार होते. पण २०२५ मध्ये ही जागा सरकारनेच भरून काढली. १९ ऑगस्टपासून कापसावरील ११ टक्के आयातशुल्क माफ झाले. आधी मुदत ३० सप्टेंबरपर्यंत होती, ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे विदर्भातला नवा कापूस बाजारात येण्याचा काळ नेमका तिच्यात सापडला.

हिशेब सोपा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये डॉलर ८४ रुपयांना होता. शंभर डॉलरची रुई शुल्कासह ९,३२४ रुपयांना पडे. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर ९० रुपयांना, शुल्क शून्य, तीच रुई ९,००० रुपयांना. रुपया सुमारे सात टक्के पडूनही आयात कापूस स्वस्त झाला. अमेरिकी शुल्काने अडचणीत आलेल्या कापडगिरण्यांना दिलासा देण्यासाठी हा निर्णय होता आणि गिरण्यांची अडचण खोटी नव्हती. पण शेतकऱ्याला चलनाच्या घसरणीतून जे मिळाले असते ते सीमाशुल्काने काढून घेतले, आणि डिझेल व पालाशसारख्या आयात खतांवरचा महागाईचा भार तेवढा शिल्लक राहिला. लांब धाग्याच्या कापसाचा ८,११० रुपयांचा हमीभाव होता, म्हणून भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रांकडे धाव घ्यावी लागली.

आता संत्र्याचे काय?

ऑगस्ट २०२४ मधील सत्तांतरानंतर बांगलादेश बँकेने धोरण बदलले. व्याजदर १० टक्क्यांवर नेला, टाक्याचा दर बराचसा मोकळा सोडला. खुल्या आणि अधिकृत दरातील दरी मिटताच परदेशातील कामगार पुन्हा बँकेतून पैसे पाठवू लागले. २०२४-२५ मध्ये ही रक्कम विक्रमी ३० अब्ज डॉलर झाली. टाका १२२च्या आसपास स्थिरावला. इकडे रुपया नव्वदीला गेल्याने १०० रुपयांचे संत्रे डिसेंबर २०२५ मध्ये १४० ऐवजी १३६ टाक्यांना पडत होते.

पण फळांवरचे शुल्क डॉलरबरोबर खाली आले नाही. उलट जानेवारी २०२५ मध्ये पूरक शुल्क २० वरून ३० टक्के केले गेले. नंतर ते किंचित उतरवले. कारण आता डॉलर वाचवणे हे नाही. नाणेनिधीच्या अटींनुसार बांगलादेशला करमहसूल वाढवायचा आहे आणि फळांवरचा कर त्यातला सहज वसूल होणारा भाग आहे. चलनाच्या दरातील चार टाक्यांची सवलत त्यापुढे फारच तोकडी पडते, आणि दुबईसारख्या दूरच्या बाजारात माल टिकवून पाठवायचा, तर त्यासाठी लागणारी प्रतवारी, वॅक्सिंग आणि शीतगृहांची साखळी वरुड-काटोल पट्ट्यात अजून मागणीच्या मानाने अपुरीच आहे.